पाय मैदानात मोडला, हे कागदावर आणा

वाचकांचे प्रश्न : फौज, पेन्शन आणि कागदपत्रं
उत्तरं देणारे : रेकॉर्ड ऑफिसमध्ये (सैनिकांचे कागद सांभाळणाऱ्या फौजेच्या कार्यालयात) नोकरी केलेले निवृत्त सुभेदार (क्लार्क), ऐरोली

प्रश्न : सुभेदार साहेब, नमस्कार. माझं वय २६, राहायला घणसोलीच्या माथाडी वसाहतीत. वडील वाशीच्या मार्केटात माथाडी कामगार आहेत. २०१८ मध्ये मी रॅलीतून जनरल ड्यूटीवर भरती झालो. ट्रेनिंगमध्ये उजव्या नडगीत दुखायला लागलं. एमआय रूममध्ये, म्हणजे युनिटच्या दवाखान्यात, गोळ्या आणि ‘एक्सक्यूज पीटी’ची (कवायतीतून सूट) चिठ्ठी मिळायची. एक्स-रेमध्ये काहीच दिसलं नाही, त्यामुळे उस्तादांना वाटायचं मी बहाणा करतोय. पुढे मिलिटरी हॉस्पिटलात एमआरआय झाला आणि स्ट्रेस फ्रॅक्चर निघालं. सिक लीव्हवर घरी आलो. परत गेल्यावर रेलिगेट होऊन, म्हणजे मागे पडल्यामुळे, खालच्या बॅचमध्ये गेलो, तिथे पळताना पुन्हा तेच दुखणं. २०१९ मध्ये, कसम परेडच्या (ट्रेनिंगच्या शेवटच्या शपथविधीच्या) आधीच, एका इंग्रजी कागदावर सही घेऊन मला घरी पाठवलं. डिस्चार्जच्या कागदावर ‘कार्यक्षम सैनिक होण्याची शक्यता नाही’ एवढंच कारण इंग्रजीत आहे. पायाबद्दल एक अक्षर नाही. माझा न्यू जर्सीतला मावसभाऊ म्हणतो, अमेरिकेत असा डिस्चार्ज अर्ज करून सुधारून मिळतो. आपल्याकडे मिळतो का? पोलीस भरतीच्या फॉर्मवर मी काय लिहू? वसाहतीत लोक अजून विचारतात, पळून आलास का.
– एक वाचक, घणसोली

उत्तर : बाळा, शेवटच्या वाक्याचं उत्तर आधी देतो, कारण तुझ्या पत्रात सगळ्यात जड तेच आहे. तू पळून आलेला नाहीस. पळून आलेल्याला फौज डिस्चार्ज देऊन घरी पाठवत नाही, त्याला भगोडा ठरवते आणि त्याच्या मागे वॉरंट निघतं. तुला बडतर्फही केलेलं नाही. आर्मी ॲक्ट १९५० मध्ये बडतर्फी आणि डिस्चार्ज ही दोन वेगळी कलमं आहेत, तुझा आहे तो डिस्चार्ज. वडिलांना हे नीट समजावून सांग. वसाहतीत उत्तरं देण्याचं ओझं त्यांच्यावरही पडत असणार.

आता पाय. स्ट्रेस फ्रॅक्चर हे रिक्रूटांचं ओळखीचं दुखणं आहे. भरतीच्या आधी पोरं खाडीकिनारी नाहीतर पाम बीच रोडच्या कडेला सोळाशे मीटरची तयारी करतात, हलके बूट घालून, आठवड्यातून चार-पाच दिवस. सेंटरला पोचल्यावर तेच पाय पहाटेपासून संध्याकाळपर्यंत कडक ग्राउंडवर आपटतात, तेही ड्रिलच्या बुटांत. हाडाला भरून यायला वेळ मिळत नाही. तार एकाच जागी वाकवत राहिलं की तुटते, तसं होतं. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत हे एक्स-रेमध्ये बहुधा दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसतं. त्यामुळे तुझा एक्स-रे साफ आला म्हणून कोणी बहाणा म्हटलं असेल, तर ते वैद्यकशास्त्राला धरून नव्हतं. तुझ्या अर्जात हा मुद्दा तारखांसह यायला हवा.

मावसभाऊ सांगतो ते तिथल्यापुरतं खरं आहे. अमेरिकेत डिस्चार्जला दर्जा असतो. नवख्या भरतीवाल्याला सुरुवातीच्या काळात सोडलं तर त्याला सहसा दर्जाच देत नाहीत, सन्मानाचाही नाही आणि बेअब्रूचाही नाही. तो बदलून घ्यायला तिथे खास बोर्ड आहे, डिस्चार्जपासून पंधरा वर्षांच्या आत अर्ज करता येतो. कागदातली चूक किंवा अन्याय दुरुस्त करणारं दुसरंही बोर्ड आहे. आपल्याकडे यातलं काही नाही. इथे कोणी तुझ्या डिस्चार्जवर ‘सन्मानपूर्वक’ असा शिक्का मारून देणार नाही, आणि तू तो मागत बसू नकोस. इथे प्रश्न कारणाचा आहे. तुला ‘नालायक रिक्रूट’ म्हणून सोडलं की ‘मेडिकली बोर्ड आउट’ केलं, म्हणजे डॉक्टरांच्या बोर्डाच्या निर्णयाने सोडलं, यावर पुढचं सगळं ठरतं.

आर्मी रूल्स १९५४ मधला नियम १३ बघ. डिस्चार्जची कारणं आणि तो कोण देऊ शकतो, याचा तक्ता त्यात आहे. शपथ घेतलेल्या सैनिकाला आजारासाठी सोडायचं असेल तर इन्व्हॅलिडिंग मेडिकल बोर्ड (सेवेला अपात्र ठरवणारं डॉक्टरांचं मंडळ) बसवावंच लागतं. २००८ मध्ये राजपाल सिंग यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे ठणकावून सांगितलं. कसम परेड न झालेल्या रिक्रूटसाठी मात्र तक्त्यात वेगळा रकाना आहे. तिथे कमांडिंग ऑफिसरचा अधिकार मोठा आहे आणि तुझ्या कागदावरचं वाक्य त्याच रकान्यातून आलंय. म्हणून राजपाल सिंगचा निकाल तुला सरळ लागू होतो असं कोणी वकील म्हणाला, तर त्याला आधी हा फरक विचार.

पण त्या रकान्याचा वापर अंगात दम नसलेल्या किंवा शिकवूनही न शिकणाऱ्या मुलासाठी व्हावा. ज्याचं हाड ट्रेनिंगमध्ये मोडलं आणि ज्याचा एमआरआय फौजेच्याच हॉस्पिटलात झाला, त्याला त्या रकान्यातून बाहेर काढलं तर त्याच्या दुखापतीचा हिशोबच होत नाही. मेडिकल बोर्ड बसलं असतं तर एएफएमएसएफ-१६ हा फॉर्म भरला गेला असता. दुखणं सेवेमुळे झालं का, सेवेने वाढलं का, अपंगत्व किती टक्के, हे त्यात डॉक्टरांना लिहावंच लागतं. तुझ्या बाबतीत हे प्रश्न कोणी विचारलेच नाहीत. तुझी खरी तक्रार ही आहे आणि अर्जाचा कणाही हाच ठेव.

आता कामाला लाग. सगळ्यात आधी कागद. माहितीच्या अधिकाराखाली, दहा रुपयांच्या फीवर, तुझ्या रेकॉर्ड ऑफिसकडे ऑनलाइन अर्ज कर. भरतीच्या वेळचा मेडिकल रिपोर्ट, एमआय रूमच्या सिक रिपोर्टच्या नोंदी, हॉस्पिटलचे ॲडमिशन-डिस्चार्जचे कागद, एमआरआयचा रिपोर्ट, सिक लीव्हचं सर्टिफिकेट, रेलिगेशनची ऑर्डर, डिस्चार्जची मंजुरी, आणि तू सही केलेला तो इंग्रजी कागद, सगळं नाव घेऊन माग. इंजुरी रिपोर्टसुद्धा माग, फॉर्मचा नंबर आयएएफवाय-२००६. तो भरलाच नसेल तर ‘उपलब्ध नाही’ असं लेखी उत्तर येईल, आणि ते उत्तरही तुझ्या बाजूचा पुरावा आहे. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील कर. पेन्शन नसलेल्या माणसाचे कागद रेकॉर्ड ऑफिस २५ वर्षं ठेवतं, पण हॉस्पिटलच्या कागदांवर तेवढा भरवसा ठेवू नको. या महिन्यातच अर्ज टाक.

सही केलेला कागद हातात आला की आधी तो वाच. ‘स्वतःच्या विनंतीवरून’ असं त्यात लिहिलेलं असेल तर वाट अवघड होते. काय लिहिलंय हे तुला सांगितलं नव्हतं, हे मग शपथपत्रावर द्यावं लागेल. तसं काही नसेल तर पुढचा अर्ज थेट रेकॉर्ड ऑफिसला जाईल. मागणी एका वाक्यात लिही : माझा डिस्चार्ज वैद्यकीय कारणाचा धरावा, मेडिकल बोर्ड बसवून दुखापतीचं सेवेशी नातं आणि टक्केवारी ठरवावी.

कायद्याचं बळ तुझ्या बाजूला किती? धरमवीर सिंग यांच्या २०१३ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की भरतीच्या वेळी नोंद नसलेलं दुखणं पुढे निघालं, तर ते सेवेमुळे झालं असं गृहीत धरायचं आणि उलट सिद्ध करायची जबाबदारी सरकारची. सुखविंदर सिंग यांच्या २०१४ च्या निकालाने पुढचं पाऊल टाकलं : बोर्ड आउट केलं याचा अर्थच अपंगत्व वीस टक्क्यांच्या वर होतं. डिसॅबिलिटी पेन्शनची किमान अट वीस टक्क्यांचीच आहे, म्हणून हा निकाल मोलाचा. तुझ्या वेळी लागू असलेल्या २००८ च्या एंटायटलमेंट रूल्समध्येही (पेन्शनच्या हक्काचे नियम) दावेदाराकडे सहसा पुरावा मागायचा नाही असं आहे, मात्र डिस्चार्जनंतर पंधरा वर्षांच्या आत दावा केला तरच. तू त्या मुदतीत आहेस. दुसरी बाजूही ऐक. २०१९ मध्ये नरसिंग यादव यांच्या मानसिक आजाराच्या खटल्यात याच न्यायालयाने सांगितलं की हे गृहीतक डोळे झाकून लावायचं नाही. तुझं दुखणं मनाचं नाही, हाडाचं आहे, ग्राउंडवर झालंय आणि एमआरआयमध्ये दिसलंय. म्हणून मला तुझी बाजू बळकट वाटते.

रेकॉर्ड ऑफिसने नकार दिला किंवा सहा महिने काहीच कळवलं नाही, तर आर्म्ड फोर्सेस ट्रायब्युनल, म्हणजे सैन्यदलांचं न्यायाधिकरण. महाराष्ट्र, गुजरात आणि गोव्यासाठीचं खंडपीठ मुंबईतच आहे. नकारानंतर सहा महिन्यांत जायचं असतं. उशिराला सबळ कारण दिलं तर ट्रायब्युनल माफीही देऊ शकतं, पण तुझी इतकी वर्षं गेली आहेत तेव्हा ते कारण नीट मांडावं लागेल. तारसेम सिंग यांच्या २००८ च्या निकालाप्रमाणे पेन्शनसारख्या चालू राहणाऱ्या हक्कात उशीर आडवा येत नाही, मात्र थकबाकी सहसा मागच्या तीन वर्षांचीच मिळते. पैसे घेऊन ‘केस जिंकून देतो’ म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नको. ठाण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. २०२५ च्या जुलैमध्ये राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने वीर परिवार सहायता योजना सुरू केली आहे, सैनिक कल्याणाच्या कार्यालयांतून मोफत कायदेशीर मदत मिळावी म्हणून. तिथे तिची चौकशी कर.

एका गोष्टीवर तुला स्वतःशी खरं बोलावं लागेल. तू पोलीस भरतीची तयारी करतोयस, म्हणजे सोळाशे मीटर पळतोयस. पाय पूर्ण बरा झाला असेल तर देवाचे आभार मान. मग आज बोर्ड बसलं तरी टक्केवारी शून्याजवळ येईल, आणि अपंगत्वाची पेन्शन मागत मैदानात पूर्ण गुण मागणं तुलाच झेपणार नाही. तशा वेळी फक्त कारण दुरुस्त करून माग. पाय अजून दुखत असेल, थंडीत सुजत असेल, तर सिव्हिल हॉस्पिटलात हाडाच्या डॉक्टरला दाखव, नवा एमआरआय काढ आणि पूर्ण दावा कर. दोन्ही वाटा योग्य आहेत, पण एकच निवड.

पोलिसांच्या फॉर्मवर खरं लिही : सैन्यात प्रशिक्षणार्थी, अमुक तारखेला डिस्चार्ज, प्रशिक्षणात पायाला स्ट्रेस फ्रॅक्चर, कागद सोबत. लपवलंस आणि चारित्र्य पडताळणीत निघालं, तर लागलेली नोकरी जाते. माजी सैनिकाच्या रकान्यावर मात्र आज खूण करू नको. केंद्र सरकारच्या व्याख्येत सेवेतल्या दुखापतीने बाहेर पडलेला आणि मेडिकल किंवा डिसॅबिलिटी पेन्शन मिळालेला माणूस माजी सैनिक ठरतो. पेन्शन मंजूर झाली की तो रकाना तुझा.

कागद आले की झेरॉक्स घेऊन मला ऐरोलीला येऊन भेट. संपादकांकडे माझा पत्ता आहे. अर्ज आपण बसून लिहू.

प्रश्न : माझा मुलगा अग्निवीर म्हणून ट्रेनिंगला आहे. वरच्यासारखं झालं तर त्याला काय मिळतं? आणि माझी भाची ऑफिसर कॅडेट आहे, तिला हेच नियम का?
– एक आई, खारघर

उत्तर : ताई, दोघांचे नियम वेगळे आहेत. अग्निवीराला पेन्शन नाही. सेवेमुळे झालेल्या अपंगत्वाला एकरकमी रक्कम आहे : शंभर टक्क्यांना ४४ लाख, पंचाहत्तरला २५ लाख, पन्नासला १५ लाख. म्हणजे तिथेही सगळं सेवेमुळे झालं का, यावरच येतं. मुलाला सांगा, दुखलं तर सिक रिपोर्ट करायचाच, आणि प्रत्येक चिठ्ठीचा फोटो सुट्टीत घरी आणायचा. ऑफिसर कॅडेट कमिशन मिळेपर्यंत सैनिक धरले जात नाहीत, त्यामुळे बोर्ड आउट झालेल्या कॅडेटला पेन्शन नसून महिन्याची एक्स-ग्रेशिया (हक्क म्हणून नव्हे, सानुग्रह दिलेली) रक्कम मिळते. या मुलांचे हाल ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन ऐकायला घेतले, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस सरकारने त्यांना ईसीएचएसची (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेची) वैद्यकीय सोय दिली. भाचीला काही झालेलं नसेल तर काळजी करू नका. झालं असेल तर सविस्तर लिहा, मी वेगळं उत्तर देईन.