स्टार खेळाडू रेफ्रींचे निर्णय खरंच फिरवतात का?

फुटबॉलमधले स्टार खेळाडू रेफ्रींना विकत घेतात असं म्हणायला पुरावा लागतो, आणि इटलीत तो सापडला तेव्हा खेळाडू मुख्य आरोपी नव्हते. तिथे 2006 मध्ये उघड झालेल्या प्रकरणात रेफ्रींच्या नेमणुकांवर वजन टाकणारे क्लबांचे पदाधिकारी होते. युव्हेंटस या बड्या क्लबला त्यापायी खालच्या विभागात जावं लागलं.

दबाव मात्र खरा आहे. शिट्टी वाजली की पाच-सहा जण रेफ्रीला घेरतात, हजारो प्रेक्षक ओरडतात, आणि त्याला क्षणात ठरवायचं असतं. घरच्या संघाकडे निर्णय थोडे झुकतात, हे अभ्यासांतही दिसलंय. मग नावाजलेल्या खेळाडूला संशयाचा फायदा मिळत असेल, असं मलाही वाटतं, विशेषतः पिवळ्या कार्डाच्या बाबतीत. रेफ्रीला असं घेरणं थांबावं म्हणूनच युरो 2024 या युरोपीय स्पर्धेत फक्त कर्णधारानेच रेफ्रीशी बोलायचं, असा नियम लावला गेला. फार आधी यायला हवा होता!

पण फ्रान्सचा स्टार झिदान आठवा. 2006 च्या विश्वचषकाचा अंतिम सामना, कारकिर्दीतला शेवटचा, आणि तरी लाल कार्ड. आपल्याविरुद्ध गेलेला निर्णय आपण वर्षानुवर्षं विसरत नाही, बाजूने गेलेला मात्र दुसऱ्या दिवशी आठवतही नाही. बराचसा संशय तिथूनच येतो.