वाचकांचे प्रश्न : जुन्या कॅम्पर व्हॅनचे इंजिन घरी उघडावे का?

प्रश्न : माझ्याकडे १९९८ सालची डिझेलवरची टेम्पो ट्रॅव्हलर आहे. मागची आसने काढून तिच्यात दोन बिछाने, छोटा ओटा आणि गॅसची शेगडी बसवून घेतली आहे; सुटीत आम्ही कुटुंबासह मांडू, महेश्वर, ओंकारेश्वरकडे जातो. पावसाळाभर गाडी उभी होती. आता सकाळी बराच वेळ सेल्फ मारल्याशिवाय ती सुरू होत नाही, सुरू झाल्यावर थरथरते आणि पांढरा धूर सोडते. तापल्यावर धूर थांबतो, पण भेरूघाटात पूर्वीसारखी ओढत नाही. एका गॅरेजमध्ये "कॉम्प्रेशन गेले आहे, हेड उतरवून इंजिन बांधावे लागेल" असे सांगितले. घराच्या आवारात जागा आहे, हत्यारे आहेत. हे काम मी स्वतः करावे का?
— एक वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर : बरेचसे काम आपण घरी करू शकाल, परंतु हेड, म्हणजे सिलिंडरांवरचे झाकण, उतरवण्याचा विचार सध्या बाजूला ठेवावा. आपण सांगितलेली लक्षणे झिजलेल्या इंजिनात दिसतात हे खरे. मात्र हीच लक्षणे जळालेले हीटर प्लग (थंड इंजिन सुरू होण्यासाठी विजेवर तापणारे), डिझेलच्या नळीत शिरलेली हवा आणि चुकीची टॅपेट सेटिंग (व्हॉल्व्हपाशी ठेवायची फट) यांमुळेही दिसतात, आणि ही तिन्ही कारणे हेडला हात न लावता तपासता येतात. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये दाबलेल्या हवेचा दाब, प्रत्यक्ष मोजल्याशिवाय ते गेले आहे असे कोणी म्हणत असेल, तर तो अंदाज आहे, निदान नव्हे.

आपल्या गाडीचे इंजिन मूळ मर्सिडीजच्या ओएम ६१६ घराण्यातले, चार सिलिंडरचे, सुमारे २.४ लिटरचे असते. बजाज टेम्पोने १९८७ मध्ये ट्रॅव्हलर आणली आणि ती आपल्या शेजारी पीथमपूरलाच तयार होत आली, त्यामुळे या इंजिनाचे सुटे भाग आणि ते जाणणारे जुने मिस्त्री इंदुरात शोधणे अवघड जाऊ नये. या इंजिनात डिझेल थेट पिस्टनवर न पडता आधी एका छोट्या पूर्वकक्षात फवारले जाते. इंजिन थंड असताना त्या कक्षाच्या भिंती दाबलेल्या हवेतली उष्णता शोषून घेतात, म्हणून हीटर प्लगची मदत घ्यावीच लागते. एखादा प्लग जळाला की त्या सिलिंडरमधले डिझेल नीट पेटत नाही, त्याची पांढरी वाफ बाहेर पडते आणि उरलेल्या सिलिंडरांवर इंजिन थरथरत चालते. प्लगांना जोडणारी वायर किंवा पट्टी सोडवून, चाचणी दिव्याचे एक टोक बॅटरीच्या धन टोकाला आणि दुसरे प्लगच्या टोकाला लावावे. दिवा लागला नाही तो प्लग निकामी समजावा. दिवा सर्व प्लगांवर लागला, तर प्लगांपर्यंत वीज पोहोचते की नाही हे रिले व फ्यूजपाशी पाहावे.

गाडी अनेक महिने उभी होती, म्हणून माझा अधिक संशय डिझेलच्या नळ्यांवर आहे. रबरी नळ्या कडक होऊन त्यांना बारीक चिरा पडतात. अशा चिरेतून डिझेल गळेलच असे नाही. हवा मात्र आत ओढली जाते आणि रात्रभरात डिझेल टाकीकडे परत सरकते. फिल्टर आणि पंप यांच्या दरम्यान हातभर पारदर्शक, डिझेलला टिकणारी नळी तात्पुरती बसवावी आणि सकाळी सेल्फ मारताना तिच्याकडे पाहावे. सुरुवातीचा एखादा बुडबुडा चालेल, पण बुडबुड्यांची माळ सुरूच राहिली तर कारण सापडले असे समजावे. नळ्या आणि क्लॅम्प बदलून फिल्टरवरचा स्क्रू सैल करावा, हँड प्रायमर (डिझेल पुढे ढकलणारा हातपंप) मारत राहावे आणि निव्वळ डिझेल येऊ लागले की स्क्रू आवळावा. नोझलच्या (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या तोटीच्या) फवाऱ्यासमोर हात कधीही नेऊ नये. तिथला दाब शंभर बारहून अधिक असतो, तो डिझेल कातडीतून आत घुसवतो, आणि जखम टाचणीएवढी दिसली तरी तत्काळ रुग्णालयात जावे लागते.

आता टॅपेट. टॅपेट वाजत नाहीत म्हणजे ते ठीक आहेत, असा समज सर्वत्र आहे आणि या इंजिनाच्या बाबतीत तो नुकसान करतो. व्हॉल्व्ह आणि त्याची बैठक झिजत गेली की व्हॉल्व्ह वर सरकतो व फट कमी होत जाते. म्हणजे इंजिन अधिकाधिक शांत होत असतानाच व्हॉल्व्ह पुरता मिटेनासा होतो आणि दाब निसटू लागतो. मूळ इंजिनासाठी थंड अवस्थेत इनटेकला (हवा आत घेणाऱ्या व्हॉल्व्हला) ०.१० मिलिमीटर आणि एक्झॉस्टला (धूर बाहेर सोडणाऱ्या व्हॉल्व्हला) ०.३० मिलिमीटर फट सांगितलेली आहे. आपल्या गाडीच्या पुस्तकात वेगळा आकडा असल्यास तोच धरावा. इंजिन फिरवताना पाना क्रँकच्या पुलीवरच्या बोल्टला लावावा, कॅमशाफ्टच्या बोल्टला नव्हे. फीलर गेजचे (फट मोजण्याच्या पातळ पट्ट्यांच्या हत्याराचे) पान फटीतून ओढताना किंचित अडल्यासारखे लागले पाहिजे. ते सहज सुटत असेल किंवा जोर लावावा लागत असेल, तर पुन्हा जुळवावे.

एवढे झाल्यावरच कॉम्प्रेशन मोजावे. पेट्रोल गाडीचा गेज इथे चालत नाही. डिझेलचा गेज आणि योग्य अडॅप्टर इंदूरच्या सियागंज बाजारात चौकशी करून घ्यावा किंवा एखाद्या पंप-नोझलवाल्याकडून मागून आणावा. चारही सिलिंडरांचे आकडे एकमेकांच्या जवळ आहेत का, हे आधी पाहावे. एकाच सिलिंडरचा आकडा इतरांहून तीन बारहून अधिक खाली असेल, किंवा चारही आकडे पंधरा बारच्या आसपास उतरले असतील, तर हेड उतरवण्याला आधार मिळाला. तापलेल्या इंजिनातही पांढरा धूर येत राहिला आणि रेडिएटरमधले पाणी घटू लागले, तर हेड गॅस्केटचा (हेडखालच्या सीलपट्टीचा) संशय धरावा. तेव्हाही हेडची सपाटी तपासणे आणि व्हॉल्व्हच्या बैठका घासणे ही कामे मशीन शॉपकडेच द्यावीत. अंगणात ती अचूक होत नाहीत.

कॅम्परची एक गोष्ट साध्या गाडीहून वेगळी आहे. काम सुरू करण्यापूर्वी गॅसचा सिलिंडर गाडीबाहेर काढावा आणि दिव्या-पंख्यांसाठी दुसरी बॅटरी बसवलेली असल्यास दोन्ही बॅटऱ्यांची ऋण टोके सोडावीत, कारण एकच सोडली तर दुसरीकडून वीज येत राहू शकते. ड्रायव्हरशेजारचे इंजिनावरचे झाकण परत बसवताना त्याची रबरी पट्टी नवी घालावी. आपले कुटुंब त्याच गाडीत झोपते. फाटक्या पट्टीतून धुराबरोबर आत येणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. झाकणालगत प्लायवूड किंवा पडदा लावलेला असेल तर तो काढून टाकावा.

प्रश्न : टाकीत पावसाळ्यापूर्वीचे डिझेल आहे. ते वापरावे का?
— तेच वाचक

उत्तर : आधी फिल्टरच्या तळाचा स्क्रू उघडून थोडे डिझेल काचेच्या बरणीत घ्यावे. तळाशी पाणी किंवा काळपट चिकट थर दिसला तर टाकी रिकामी करून धुवावी व फिल्टर बदलावा. स्वच्छ असेल तर वापरण्यास हरकत नाही. पुढच्या वेळी टाकी पूर्ण भरून गाडी उभी करावी, म्हणजे रिकाम्या जागेतल्या दमट हवेचे पाणी होणार नाही.

प्रश्न : दुसरे जुने इंजिन स्वस्तात मिळते आहे. तेच बसवले तर?
— तेच वाचक

उत्तर : तपासण्या पूर्ण होईपर्यंत ते घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण त्या इंजिनाचे कॉम्प्रेशनही आपल्याला ठाऊक नाही. शिवाय इंजिन बदलले की त्याचा क्रमांक बदलतो आणि आरटीओकडून नोंदणीपुस्तकात तो बदलून घ्यावा लागतो. ज्या इंजिनाची कागदपत्रे विक्रेता देऊ शकत नाही, ते कितीही स्वस्त असले तरी सोडून द्यावे.