व्हेस्ट्रीत नव्याने गेलेल्या लेकीस

चि. लेकीस,
सलाम.

परवा फोनवर तू फारशी बोलली नाहीस, पण आवाजावरून कळलं. व्हेस्ट्रीची, म्हणजे चर्चच्या कारभारी समितीची, तुझी ही तिसरीच बैठक, आणि तळघरातल्या शिधावाटपासाठी ठेवलेले पैसे छपराच्या दुरुस्तीला वळवायचं ठरलं. विरोधात तुझा एकटीचा हात. घरी येऊन राजीनामा लिहिलास. तो धाडण्याआधी मला विचारलंस, हे फार चांगलं केलंस.

तुझं म्हणणं मला पटतं. पण आज मला त्यावर बोलायचं नाही. तू राहतेस त्याच फिलाडेल्फियातल्या एका मंडळीची, म्हणजे चर्चातल्या भक्तसमुदायाची, गोष्ट सांगते, सेंट थॉमसची. या देशातली कृष्णवर्णीयांची ही पहिली एपिस्कोपल, म्हणजे अँग्लिकन परंपरेतली, मंडळी. तिचे पहिले पाळक ॲब्सलम जोन्स.

जोन्स १७४६ साली डेलावेअरमध्ये गुलाम म्हणून जन्मले. लहानपणी पाहुण्यांनी हातावर ठेवलेली नाणी साठवून त्यांनी अंकलिपी आणि नवा करार विकत घेतला. पुढे लग्न झाल्यावर पैसे जमवून आधी सोडवलं ते बायकोला, कारण आई गुलाम तर मूलही गुलाम, असा कायदा होता. स्वतःची सुटका झाली १७८४ साली. १७८७ मध्ये त्यांनी आणि रिचर्ड ॲलन यांनी फ्री आफ्रिकन सोसायटी काढली. सभासदाने महिन्याला एक शिलिंग द्यायचा. वर्षभर वर्गणी भरलेल्या गरजूला आठवड्याला तीन शिलिंग नऊ पेन्स मिळायचे. आपल्याकडच्या बायकांची भिशी आठव, फक्त इथे पाळी ठरायची ती अडचणीवरून.

त्या वेळी हे दोघं सेंट जॉर्ज या मेथडिस्ट, म्हणजे दुसऱ्या एका प्रोटेस्टंट पंथाच्या, चर्चात जात. तिथल्या नव्या बांधकामाला काळ्या लोकांनीही वर्गणी दिली होती. तरी एके रविवारी प्रार्थना चालू असताना, गुडघ्यांवर असलेल्या जोन्सना गोऱ्या कारभाऱ्यांनी धरून उठवायला सुरुवात केली. प्रार्थना संपेपर्यंत थांबा, एवढंच ते म्हणाले. ती संपली तशी ही सगळी माणसं उठून बाहेर पडली.

आता नीट वाच. आपलं चर्च कोणत्या पंथाचं असावं यावर पुढे मतं घेतली. मेथडिस्ट राहावं म्हणणारे दोघंच निघाले, ॲलन आणि जोन्स. बाकी बहुतेकांना एपिस्कोपल हवं होतं. ॲलननी नम्रपणे नकार दिला आणि वेगळी मंडळी उभी केली. जोन्स मात्र हरलेल्या बाजूचे असूनही बहुमताबरोबर गेले, आणि त्याच मंडळीचे पाळक झाले. दोघांची मैत्री शेवटपर्यंत टिकली. ॲलननी केलं ते चूक, असं मी म्हणणार नाही. पण मला ओढ लागते ती जोन्सची. मत हरल्यावर त्याच घराची किल्ली हाती घ्यायला किती मोठं मन लागत असेल!

हे सगळं घडत असतानाच १७९३ ची पिवळ्या तापाची साथ आली. पन्नासेक हजारांच्या गावात सुमारे पाच हजार माणसं गेली. काळ्या लोकांना हा ताप होत नाही असं डॉक्टर बेंजामिन रश यांना वाटे, म्हणून शुश्रूषेला त्यांनाच बोलावलं. समज खोटा होता. १७९२ मध्ये त्यांच्यातले ६७ पुरले गेले होते, १७९३ मध्ये ३०५. साथ ओसरल्यावर मॅथ्यू केरी या प्रकाशकाने लिहिलं की काही काळ्या परिचारकांनी रोग्यांना लुबाडलं. त्यावर जोन्स आणि ॲलननी १७९४ साली पुस्तिका छापली आणि तीत सरळ हिशेबच मांडला. मी जन्मभर नर्स होते, त्यामुळे हे पान मला तोंडपाठ आहे. मृतांना पुरणं आणि बिछाने जाळणं यांचे हाती आले २३३ पौंड १० शिलिंग ४ पेन्स. शवपेट्यांना गेले ३३ पौंड, त्यांचे पैसे कुणी दिलेच नाहीत. मजुरीवर पाच माणसं, तिघं ७० दिवस, दोघं ६३ दिवस, रोज साडेबावीस शिलिंग, म्हणजे ३७८ पौंड. पदरचे गेले १७७ पौंड ९ शिलिंग ८ पेन्स.

त्याच वर्षी १७ जुलैला सेंट थॉमसचं दार उघडलं. डायोसिसमध्ये, म्हणजे बिशपच्या हाताखालच्या चर्चांच्या प्रांतात, जाताना त्यांनी अट घातली, आमचा कारभार आमच्या हाती राहील. ती मान्य झाली. जोन्सना दीक्षेसाठी ग्रीक-लॅटिनची अट माफ झाली, पण बदल्यात डायोसिसच्या वार्षिक सभेत या मंडळीला जागा मिळणार नाही असं ठरलं. ती मिळायला जवळजवळ सत्तर वर्षं गेली. जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली, तेव्हा त्या गोष्टीला दहाएक वर्षंच झाली होती. इतकी वर्षं सभेबाहेर राहून ही माणसं भक्ती चालवत होती, मुलं शिकवत होती, आपले मृत पुरत होती. मंडळी आजही आहे, शहराच्या पश्चिमेला ओव्हरब्रुकमध्ये. १३ फेब्रुवारी हा जोन्सचा स्मृतिदिन आहे. त्या सुमारास एकदा जाऊन बस.

मीही एकदा रुसून बसले होते. कारण सांगण्यासारखं नाही, पण आठ महिने मी चर्चकडे फिरकले नाही. परत गेले तेव्हा वेदीवरचं कापड धुण्याचं माझं काम एक म्हातारी बाई करत होती. हात थरथरायचे, तरी प्रभुभोजनाच्या द्राक्षारसाचा डाग पहिल्या पाण्यात भिजवून ते पाणी ती बाहेर मातीत ओतायची, गटारात नाही. तिने मला काही विचारलं नाही, इस्त्री माझ्याकडे सरकवली.

आता कामाचं सांगते. खजिनदाराकडून गेल्या पाच वर्षांचे हिशेब माग. छपराला किती आणि कधी लागले ते काढ. गुरुवारी शिधा घ्यायला किती घरं येतात ते वहीत मांड, दर गुरुवारी, आपल्या हाताने. पुढच्या बैठकीत भाषण करू नकोस, ते पान टेबलावर ठेव. बैठकीनंतर कॉफीला थांब. विशेषतः ज्यांनी तुझ्या विरोधात मत दिलं त्यांच्या शेजारी बस आणि घरची विचारपूस कर.

शनिवारी दहाला मी सॅक्रिस्टीत, वेदीचं सामान ठेवायच्या खोलीत, असेन, ईस्टरची कापडं काढायची आहेत. राजीनामा घेऊन ये. आधी इस्त्री करू, मग वाचू.

तुझी,
मावशी