कार्बोरेटर बदलताय? व्हॅक्यूमची नळी आधी बघा

भाऊ, अ‍ॅम्बेसेडरला दुसरा कार्बोरेटर बसवताय, छान. पण डिस्ट्रिब्युटरची (प्लगांना ठिणगी वाटणारा भाग) व्हॅक्यूमची नळी, म्हणजे कार्बोरेटरमधली हवेची ओढ त्याच्यापर्यंत नेणारी नळी, कार्बोरेटरच्या दिसेल त्या तोटीला खोचू नका. बहुतेक गडबड तिथंच होते.

तोट्या दोन प्रकारच्या. एक थ्रॉटलच्या पाकळीच्या (रेस दिली की उघडणारी झडप) जरा वर उघडते. स्लोवर, म्हणजे रेस न देता इंजिन चालू असताना, तिथं ओढ जवळपास नसते, रेस दिली की येते. दुसरी पाकळीच्या खाली, स्लोवरही जोरात ओढते. ओळखायला गाडी स्लोवर ठेवा, तोटीवर बोट धरा. बोट ओढलं गेलं नाही आणि रेस देताच ओढलं गेलं, तर जुन्या डिस्ट्रिब्युटरला सहसा तीच हवी.

जोडण्याआधी डायाफ्राम, म्हणजे ओढीनं डिस्ट्रिब्युटरची प्लेट सरकवणारा पडदा, तपासा. डिस्ट्रिब्युटरची टोपी काढा, नळी पुसून तोंडानं ओढा, आतली प्लेट सरकेल. जिभेनं टोक बंद धरल्यावर प्लेट परत आली, तर डायाफ्राम किंवा नळी फुटकी आहे.

नेहमीच्या चुका:
- सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब लावणे. ती ओढीनं चपटते. आपल्याकडं मे महिन्यात पारा चांगलाच चढतो, बॉनेटखाली तर विचारूच नका. पेट्रोल सोसणारी जाड रबरी नळीच घ्या, तीही आखूड.
- उरलेली तोटी उघडी सोडणे. हवा शिरते, मिक्श्चर पातळ होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी), स्लोवर इंजिन लडखडतं. घट्ट रबरी बूच लावा.
- नळी जोडलेली ठेवून टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) बघणे. आधी काढा, कार्बोरेटरकडचं टोक बंद करा, टायमिंग लावा, मग जोडा.

जेट (पेट्रोल मोजून सोडणारी बारीक छिद्रं) बदलणं सध्या राहू द्या. एवढं जमलं की पिकअपमध्येच फरक कळेल.