दहा बाय दहाच्या खोलीत स्टुडिओ करतोयस? आधी एवढं बघ

भाऊ, अंड्यांचे ट्रे चिकटवू नकोस. त्यांनी शेजारचा डीजे अडत नाही आणि खोलीतला घुमाराही जात नाही, फक्त वरच्या पट्टीचा आवाज थोडा बोथट होतो. बाहेरचा आवाज अडवणं वेगळं, आतला शोषणं वेगळं.

अडवायला वजन लागतं आणि फटी बंद लागतात. दाराखालून उजेड दिसतोय ना? आवाज तिथूनच येतो. चौकटीला रबरी पट्टी लाव, खालची फट बुजव. वर पत्रे असतील तर पावसात रेकॉर्डिंगचा नाद सोड.

शोषायला:

- घनमीटरला 48 किलो घनतेचं, 50 मिमी जाडीचं रॉकवूल (दगडाच्या तंतूंची लादी), 2 बाय 4 फुटी लाकडी चौकटीत. हेच पॅनल. हाताळताना मास्क आणि हातमोजे हवेतच.
- वर सुती कापड, फुंकर आरपार जाईल असं. रेक्झिन लावलंस तर मेहनत वाया.
- मागे भिंतीपासून 50 मिमी जागा सोड. कोपऱ्यांत दुहेरी थर.

बाजूच्या भिंतीवर आरसा सरकवत नेला की बसल्या जागेवरून जिथे त्यात स्पीकर दिसतो, पहिले दोन पॅनल तिथे.

चौरस खोलीत लांबी-रुंदी सारखी, त्यामुळे 56 हर्ट्झच्या आसपास ढोलकीचा धुम फुगतो किंवा गायबच होतो. म्हणून मिक्स (सगळे आवाज जुळवलेलं गाणं) हेडफोनवरही तपास.

नुसती अहिराणी गाणी गायची असतील तर सध्या गायकाच्या पाठीमागे दोन जाड गोधड्या टांग, भिंतीपासून वीतभर पुढे. माइकचं तोंड तिकडेच असतं. आणि मे महिन्यात जळगावात कूलर बंद करून गायचं म्हणजे पहाटेच.