वाचकांचे प्रश्न : मोरीतल्या जंतूंवर औषध का चालेनासं होतं?

प्रश्न : घराला लागूनच आमचं छोटं पनीर युनिट आहे. फरशी आणि मोरी रोज बीकेसीच्या (बेंझाल्कोनियम क्लोराइड या जंतुनाशकाच्या) पाण्याने धुतो. एका प्रशिक्षणात सांगितलं, औषध बदलत राहा, नाहीतर जंतूंना सवय लागते. खरंच असं होतं का? शिवाय पनीर लगेच फ्रिजमध्ये जातं, मग एवढी भीती कशाला?
— एक वाचक भगिनी, फलटण परिसर

उत्तर : ताई, फ्रिजचं आधी सांगते, कारण डेअरीच्या प्रयोगशाळेत काम करताना मला सगळ्यात जास्त धास्ती त्याचीच असायची. बहुतेक जंतू ४ अंशांना गारठून थांबतात. लिस्टेरिया मोनोसायटोजेनिस थांबत नाही. एकाचे दोन व्हायला त्याला दिवस-दीड दिवस लागतो, पण तो वाढतो. थंडीत तूप थिजतं तसं पेशीचं आवरण थिजू नये म्हणून तो त्यातली मेदाम्लंच बदलून घेतो.

दूध ७२ अंशांना १५ सेकंद तापलं की हा जंतू मरतो, आणि पनीरचं दूध तर तुम्ही त्याहून जास्त तापवता. म्हणजे तो शिरलाच तर नंतर शिरतो : साच्यातून, मलमलच्या फडक्यातून, मोरीवरून उडालेल्या पाण्यातून. १९८५ साली लॉस एंजेलिसमध्ये पनीरसारख्याच ताज्या, मऊ चीजमधून याची साथ आली. १४२ जण आजारी पडले आणि पोटातली बाळं धरून ४८ जीव गेले. बहुतेक रुग्ण गरोदर बायका आणि त्यांची बाळं होती. तिथे चीजमध्ये कच्चं दूध मिसळलं गेल्याचं तपासात दिसलं होतं. तुमचं पनीरही कुणा गरोदर बाईच्या ताटात जात असणार, म्हणून हे एवढं सांगतेय.

आता औषधाचं. इथे दोन वेगळ्या गोष्टी घडतात. थंडी, आंबटपणा, मीठ यांचा ताण आला की लिस्टेरियात सिग्मा-बी नावाचं प्रथिन जागं होतं आणि बचावाची दीडशेहून जास्त जनुकं कामाला लावतं. ताण सरला की ती पुन्हा शांत होतात. यात जनुकं तीच राहतात, फक्त चालू-बंद होतात. सौम्य आम्लात काही काळ राहिलेला जंतू पुढे कडक आम्लातही तगतो, तो यामुळेच.

दुसरी गोष्ट कायमची असते. अमेरिकेत १९९८-९९ साली हॉटडॉगमधून आलेल्या साथीतल्या लिस्टेरियात संशोधकांना पुढे बीसीआर-एबीसी ही जनुकं सापडली. ती प्लास्मिडवर, म्हणजे डीएनएच्या सुट्या वेटोळ्यावर, होती. त्यांच्यापासून बनलेला पंप बीकेसी पेशीबाहेर फेकत राहतो. प्लास्मिड एका जंतूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतं आणि पुढच्या पिढ्यांत तर उतरतंच. तेव्हा तुमच्या मोरीतला जंतू औषधाला सरावत नाही. ज्यांच्याकडे पंप नाही ते मरतात, ज्यांच्याकडे आहे ते उरतात, आणि मग मोरी त्यांच्याच वंशाची होते.

पण हा पंप फार ताकदीचा नाही. डब्यावर लिहिलेल्या मात्रेत, स्वच्छ फरशीवर, पंपवाला जंतूही सहसा मरतो. त्याला संधी मिळते ती औषध पातळ पडतं तिथे. मोरीची जाळी उचलून उलटी करा आणि हातमोजा घालून तिच्या खालच्या अंगावर बोट फिरवा. बुळबुळीत लागलं तर तो जंतूंनी स्वतःभोवती बांधलेला थर आहे. दुधातली चरबी आणि प्रथिनं त्यात अडकतात, बीकेसी त्यांच्यावरच खर्ची पडतं आणि आतपर्यंत पोचतं ते अर्धमेलं औषध. आणखी एक, धुण्याच्या पावडरीचं पाणी पुरतं निघालेलं नसताना वर बीकेसी ओतलं तर दोन्ही एकमेकांना निकामी करतात. हे मी पुष्कळ ठिकाणी पाहिलंय, आणि दोष मात्र औषधाला दिला जातो.

त्यामुळे प्रशिक्षणात सांगितलेलं अर्धं बरोबर आहे. मधूनमधून हायपो (सोडियम हायपोक्लोराइट हे क्लोरीनवालं जंतुनाशक) वापरा, कारण त्याला हा पंप अडवू शकत नाही. (हायपो कुठल्याही आम्लाच्या औषधात कधीही मिसळू नका, विषारी वायू निघतो.) पण थर घासून काढलाच नाही, तर औषधं बदलून काही हाती लागणार नाही. आधी घासा, मग साध्या पाण्याने साबण पूर्ण काढा, मग औषध मापाने घ्या, अंदाजे ओतू नका. डब्यावर दिलेला वेळ ते फरशीवर राहू द्या आणि रात्री वायपर मारून फरशी कोरडी करूनच दार लावा. मोरीचा ब्रश वेगळ्या रंगाचा ठेवा, तो साच्यांना लागता कामा नये. पनीर उघडं असताना मोरीत पाइपने जोरात पाणी मारू नका. प्रयोगशाळेत नमुना पाठवाल तेव्हा पनीरबरोबर मोरीचा स्वॅबही द्या. लिस्टेरिया युनिटमध्ये ठाण मांडून असेल, तर बहुधा तिथेच आधी सापडेल.