जुन्या घरात मागच्या खोलीत वायफाय येत नाही, रिपीटर घ्यावा का?

भाऊ, रिपीटर, म्हणजे वायफायचा सिग्नल पकडून पुढे पाठवणारा डबा, तूर्तास राहू द्या. तुम्ही लिहिलंय, सपरीत (पडवीत) राऊटरपाशी स्पीड बरोबर मिळतो आणि मागच्या खोलीत व्हिडिओ अडकतो. म्हणजे फायबरची लाइन ठीक आहे, अडचण घरातच आहे.

आमचं घर यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात. दीड फूट जाडीच्या मातीच्या भिंती, वर टिनं. हिवाळाभर नेट चाललं आणि एप्रिलमध्ये बसलं. महिनाभर मी कंपनीच्या पोराला बोल लावत होतो. शेवटी मोबाइलवर वायफाय अ‍ॅनालायझर अ‍ॅप टाकून घरभर फिरलो. त्यात सिग्नल उणे आकड्यात दिसतो. उणे ५० म्हणजे झकास, उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल निभतो, उणे ८० ला नुसतं गोल फिरत बसतं. आकडा दहानं घसरला की ताकद दहाव्या हिश्शावर येते. सपरीत उणे ४५ होता, माजघरात पाय ठेवताच उणे ७५!

कारण सापडलं: सपरी आणि माजघराच्या मधल्या खिडकीत कुलर बसवला होता. इतक्या जाड भिंतीतून सिग्नल जेमतेमच जातो. हिवाळ्यात तो त्या खिडकीतूनच आत यायचा. आता तिथं पत्र्याची बॉडी, ओली खस आणि टाकीभर पाणी. पत्रा सिग्नल परतवतो, पाणी पिऊन टाकतं. मे महिन्यात कुलर काढा म्हणायची माझी तरी हिंमत नाही.

मग राऊटर देवळीतून काढून दाराच्या समोर येईल असा उंच टांगला. वायफायचे दोन बँड असतात, त्यातला मागच्या खोल्यांना २.४ गिगाहर्ट्झ ठेवला. ५ गिगाहर्ट्झ वेगवान खरं, पण भिंतीपुढे लवकर हरतं. चॅनेल बदलायच्या फंदात पडलो नाही, खेड्यात शेजाऱ्यांच्या राऊटरची एवढी गर्दी कुठं असते?

तरी शेवटची खोली राहिलीच. तिथं आढ्याच्या कडेनं कॅट-६ वायर (नेटची तांब्याची केबल) नेली आणि जुना राऊटर जोडला. त्याचा आयपी पत्ता (नेटवर्कमधला त्याचा क्रमांक) बदला, डीएचसीपी (मोबाइलना असे पत्ते वाटायची सोय) बंद करा आणि वायर लॅन पोर्टमध्येच लावा. रिपीटर मरतुकडा सिग्नलच पुढे ढकलतो, शिवाय एकाच बँडचा असेल तर वेग निम्मा करतो.

गोठ्यापर्यंत उघड्या अंगणातून तांब्याची वायर मात्र नेऊ नका. आपल्याकडे विजा कशा पडतात, ते तुम्हाला सांगायला नको.